फीचे पैसे, मेसचे खाडे आणि माझा ७३ डॉलरचा रिफंड

बाबांना मी फोनवर सांगून बसलो होतो की एप्रिलपर्यंत पाऊण लाख रुपये पाठवतो. २०२३ चा फेब्रुवारी होता, कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला बाहेर बर्फ, आम्ही पाच पोरं एका बेसमेंटमध्ये, आणि माझ्या हातात मोबाईलचा कॅल्क्युलेटर. हिशोब एकदम सोपा वाटत होता, एका सेमिस्टरची फी ८,२०० डॉलर, त्याचे १५ टक्के म्हणजे १,२३० डॉलर, तेव्हाच्या भावाने ७४ हजारांच्या आसपास. नाशिकला व्हिसाचं काम करणाऱ्या एजंटने पण हेच सांगितलेलं की फीचा काही भाग टॅक्समधून परत येतो, सगळेच घेतात. कॉलेजातले सीनियरही तेच म्हणायचे. एवढे जण म्हणतायत तर मी कशाला शंका घेऊ.

आले ७३ डॉलर आणि वर काही सेंट. आणि गंमत म्हणजे ते फीचे नव्हतेच, पण ते नंतर कळलं.

आधी थोडं मागचं सांगतो. मी २५ ऑगस्ट २०२२ ला कॅनडात उतरलो, जुलैपर्यंत पुण्यात ३५ हजारावर नोकरी करत होतो, इथं दोन वर्षांचा डिप्लोमा, आणि ऑक्टोबरपासून एका कॉफीच्या दुकानात आठवड्यातून दोन-तीन रात्री. डिसेंबरपर्यंत कमाई झाली २,१०० डॉलर. फेब्रुवारीत त्यांनी टी४ दिला, टी४ म्हणजे आपल्याकडचा फॉर्म १६ समजा, वर्षभरात पगार किती आणि कापलं किती. त्यात २२ नंबरचा चौकोन असतो, इन्कम टॅक्स किती कापला त्याचा. माझा तो चौकोन रिकामा होता. तेव्हाच डोक्यात ट्यूब पेटायला हवी होती खरं तर, जो टॅक्स भरलाच नाही तो परत कसा येणार, पण मी तर फी परत मागत होतो ना, टॅक्स नाही! कॉलेजकडून टी२२०२ आलेला, म्हणजे वर्षात किती फी भरली त्याचा दाखला, त्यावर ८,२०० छापलेले, माझ्या मते तो म्हणजे चेकच होता.

कॉलेजच्या आवारात फुकट टॅक्स क्लिनिक लागतं, कमी कमाईवाल्यांचे साधे रिटर्न तिथं स्वयंसेवक भरून देतात. मी एक तास रांगेत उभा राहिलो. समोरचा माणूस चांगला होता, हसून बोलला, टी४ घेतला, पटापट टाईप केलं. मी टी२२०२ पुढं केला तर म्हणाला, याची गरज नाही, तुझा टॅक्स तसाही शून्यच आहे. मला वाटलं शून्य आहे तर उत्तमच, फी तशीच परत येत असेल. काय डोकं चालत होतं देव जाणे.

मग काही आठवड्यांनी सीआरएची नोटीस ऑफ असेसमेंट आली. सीआरए म्हणजे इथलं इन्कम टॅक्स खातं. रिफंड ७३ डॉलर. वर एक तक्ता, त्यात ओळीत "नॉन-रिफंडेबल टॅक्स क्रेडिट्स" असं लिहिलेलं, आणि ते वाचून मी खरंच भडकलो, म्हणजे परत देणार नाही असं छापूनच ठेवलंय की यांनी. बाबांना काय सांगू हा वेगळाच प्रश्न. त्या दिवशी त्यांचा फोन मी उचललाच नाही, शिफ्टवर होतो असं दुसऱ्या दिवशी खोटं सांगितलं.

मिसिसागाला आमच्या ओळखीतली एक ताई राहते, गणपतीच्या कार्यक्रमात भेट झालेली, ती एका कंपनीत पेरोल बघते. तिला फोन केला. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "पुण्यात रिटर्न भरायचास ना रे? ८७अ माहितीये?"

माहीत होतं. वर्षाला ४ लाख २० हजार पगार, ५० हजार स्टँडर्ड डिडक्शन गेलं की ३ लाख ७० हजार, अडीच लाखाच्या वरचे १ लाख २० हजार, त्याचे ५ टक्के म्हणजे ६ हजार टॅक्स, आणि ८७अ च्या सवलतीने तो शून्य.

"सवलत किती रुपयांपर्यंत होती?"

"साडेबारा हजार."

"तुझे सहाच गेले. मग उरलेले साडेसहा हजार सरकारने तुझ्या खात्यात टाकले का?"

मी गप्प. कारण असला विचार पुण्यात असताना कधी मनातही आला नव्हता, सवलत टॅक्सपुरती असते, टॅक्स संपला की सवलत संपली, यात काय विशेष. पण इथं इंग्रजीत क्रेडिट शब्द वाचला आणि मला बँकेत पैसे क्रेडिट झाल्याचा मेसेज डोळ्यांपुढे आला. शब्दानेच घात केला म्हणा ना.

तर नॉन-रिफंडेबल म्हणजे हे. तो तुमचा टॅक्स खाली खेचत नेतो, पण शून्यापर्यंतच, शून्याच्या खाली नाही. रिफंडेबल म्हणजे टॅक्स शून्य झाला तरी उरलेली रक्कम रोख हातात देतात. आणि या दोन्हींपेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे नुसता रिफंड, म्हणजे पगारातून आधीच जास्त कापून गेलेला तुमचाच टॅक्स परत येणं. रिफंड आणि रिफंडेबल हे दोन शब्द भाऊभाऊ वाटतात, पण दोघांचं घर वेगळं. नॉन-रिफंडेबल क्रेडिटमुळेसुद्धा रिफंड येऊ शकतो, जर वर्षभर टॅक्स कापला गेला असेल तर. माझा कापलाच नव्हता. ते ७३ डॉलर कशाचे मग? सीपीपीचे, म्हणजे इथली पेन्शन. वर्षाला ३,५०० डॉलरच्या आत कमाई असेल तर पेन्शनची वर्गणी लागू नसते, पण पगार काढणाऱ्याला वर्षाची बेरीज आधी कुठं माहीत असते, तो दर पगाराला कापतो, मग रिटर्नमध्ये परत येते. ती आली होती.

ताईने विचारलं, "बरं टी२२०२ टाकलास ना?"

म्हटलं नाही, तो स्वयंसेवक म्हणाला गरज नाही.

"अरे देवा," ती म्हणाली, "मग तुझी फी वहीत चढलीच नाही."

वही शब्द ऐकला आणि मला एकदम कर्वेनगरच्या मेसची आठवण आली, आणि इथून पुढं सगळं प्रकरण मी मेसच्या भाषेतच समजून घेतलं, तुम्हालाही तसंच सांगतो. मेसला महिना लावलेला असतो. गावाला गेलात, चार दिवस जेवला नाहीत, तर खाडा धरतात. पण अट काय, काकूंना आधी सांगायचं आणि वहीत लिहून घ्यायचं. आणि खाडा झाला म्हणून काकू रोख पैसे काढून देत नाहीत, पुढच्या महिन्याच्या बिलात वळते करतात. पुढच्या महिन्यात मेस लावलीच नाही तर? मग गेले.

फीचं क्रेडिट डिट्टो तसं. या वर्षी टॅक्सचं बिल नाही तर फी पुढच्या वर्षावर जाते, तिथंही नाही लागली तर त्याच्या पुढं, वर्षांची मर्यादा नाही. पण ती वहीत, म्हणजे रिटर्नच्या शेड्यूल ११ मध्ये, लिहिलेली पाहिजे, टॅक्स शून्य असला तरी. लोकं इथंच चुकतात. मी चुकलो, माझ्या बेसमेंटमधले आणखी दोघं पण चुकलेले.

आणि सगळेच खाडे पुढं जात नाहीत हे पण लक्षात घ्या. सगळ्यात मोठं नॉन-रिफंडेबल क्रेडिट असतं बेसिक पर्सनल अमाउंट, म्हणजे प्रत्येकाला मिळणारी करमुक्त रक्कम, २०२२ ला ती १४,३९८ डॉलर होती. पण मी वर्षाच्या मध्ये आलो आणि त्याआधी भारतात कमावत होतो, म्हणून मला दिवसांच्या हिशोबाने मिळाली, १२९ दिवसांची, ५,०८९ डॉलर. माझी कमाई २,१००. उरलेले २,९८९ गेले, ते पुढं नेता येत नाहीत. रविवारची फीस्ट चुकली तर चुकली, ती बुधवारी नाही मागता येत.

आणखी एक घोळ. वहीत जे ८,२०० लिहिलेले असतात ते फीचे डॉलर असतात, टॅक्सचे नाही. टॅक्समध्ये त्यांची किंमत त्यांच्या १५ टक्के, म्हणजे तेच १,२३०. आमच्यातल्या एका पोराने नंतर त्याच्या नोटीसवर "न वापरलेली फी १६ हजार" असं वाचलं आणि सरकार आपल्याला १६ हजार देणं लागतं असं समजून सेकंडहँड गाडी बघायला सुरुवात केली होती. त्याला मेसचं उदाहरण देऊन उपयोग नव्हता, तो जालंधरचा, त्याला लंगर माहीत, खाडा कुठला माहीत असायला!

असो. दुरुस्ती कशी केली ते सांगतो. सीआरएचं ऑनलाइन खातं उघडावं लागतं, त्याचा सिक्युरिटी कोड पोस्टाने येतो, साधं पत्र, आणि आमच्या बेसमेंटला वेगळी टपालपेटी नव्हती, वरच्या मजल्यावरच्या घरमालकाच्या पिझ्झाच्या जाहिरातींत ते पत्र कितीतरी दिवस पडून होतं. कोड मिळाल्यावर खात्यात "चेंज माय रिटर्न" असतं, तिथून २०२२ उघडलं, शेड्यूल ११ मध्ये ८,२०० टाकले, पाठवलं. नंतर रिअसेसमेंटची नोटीस आली, रिफंड शून्य, देणं शून्य, फक्त खाली एक ओळ वाढलेली, पुढं नेलेली फेडरल (म्हणजे केंद्राच्या टॅक्ससाठीची) फी ८,२०० डॉलर. त्या ओळीचा स्क्रीनशॉट मी बाबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "हे पैसे कधी येणार?"

आता रिफंडेबलवाल्यांकडे येऊ, ते जास्त गोड प्रकरण आहे. ताईच्या सांगण्यावरून मी आरसी१५१ नावाचा फॉर्म भरलेला, देशात नवीन आलेल्यांसाठी असतो, जीएसटी/एचएसटी क्रेडिट मागायचा. त्यात इथं यायच्या आधी भारतात किती कमावलं ते कॅनडाच्या डॉलरमध्ये लिहावं लागतं. ५ जुलै २०२३ ला सकाळी खात्यात ८१ डॉलर २५ सेंट पडले. मी ना टॅक्स भरला होता, ना कोणी तो कापला होता. दुकानातल्या प्रत्येक बिलावर आपण सेल्स टॅक्स भरतो, कमी कमाईवाल्यांना त्यातलं थोडं परत द्यायचं असा तो विचार, आणि त्याचा तुमच्या इन्कम टॅक्सशी संबंध एवढाच की रिटर्न भरलेलं असलं पाहिजे. दर तीन महिन्यांनी, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल, पाच तारखेला. मामाकडून निघताना मामी दारात हातावर नोट ठेवते ना, तसं. तुम्ही मामाचं काही काम केलंय की नाही हे मामी बघत नाही, पण भेटायला जावं तर लागतं.

तेव्हा कार्बन रिबेट, म्हणजे कार्बन टॅक्सपोटी परत मिळणारे पैसे, पण चालू होता, आमच्या ओंटारिओ प्रांतात एकट्या माणसाला तीन महिन्यांचे १२२ डॉलर, नंतर तो वाढला आणि मग एप्रिल २०२५ च्या हप्त्यानंतर बंदच झाला. आणि तिसरं ट्रिलियम बेनिफिट, ओंटारिओचं, भाड्याने राहणाऱ्यांना पण मिळतं, दहा तारखेला येतं. यासाठी रिटर्नसोबत ऑन-बेन नावाचा फॉर्म असतो, त्यात पत्ता, किती महिने राहिलो, भाडं किती दिलं आणि घरमालकाचं नाव. इथं आमचं अडलं. घरमालक रोख भाडं घ्यायचा, पावती मागितली तर "बेटा, इसकी क्या जरूरत है" म्हणून विषय बदलायचा, त्याला अर्थातच त्याचं नाव कुठल्या सरकारी कागदावर नको होतं. पावत्या रिटर्नसोबत जोडायच्या नसतात पण मागितल्या तर दाखवाव्या लागतात. आम्ही पाचही जणांनी मिळून ठरवलं की पुढच्या महिन्यापासून भाडं ई-ट्रान्सफरने द्यायचं, तो चार दिवस चिडला, मग गप्प बसला, कारण पाच भाडेकरू एकदम गेले तर त्याचंच नुकसान. माझ्या बँक स्टेटमेंटवर त्याचं नाव यायला लागलं आणि माझं काम झालं.

खरी मजा आली पुढच्या रिटर्नला, मार्च २०२४ मध्ये. २०२३ मध्ये विद्यार्थ्यांना कॅम्पसबाहेर आठवड्याला वीस तासांची मर्यादा तात्पुरती उठवली होती, मी एका वेअरहाऊसमध्ये भरपूर तास टाकले आणि वर्षाची कमाई झाली २४,००० डॉलर. यावेळी २२ नंबरच्या चौकोनात आकडा होता, १,६८८ डॉलर कापलेले. म्हटलं यावेळी क्लिनिक नाही, रांग नाही, स्वतः भरायचं. फुकटचं सॉफ्टवेअर, रात्री अकरा वाजता, शेजारी मॅगी. स्क्रीनच्या कोपऱ्यात रिफंडचा आकडा दिसत राहतो आणि तुम्ही जे टाकाल तसा तो हलतो, हे मला फार आवडलं, निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी टीव्हीवर आकडे हलतात तसं.

टी४ टाकला, फी अजून टाकली नव्हती, आकडा आला साडेपाचशेच्या जरा वर. म्हणजे बेसिक पर्सनल अमाउंट, त्या वर्षीची १५,००० डॉलर, शिवाय नोकरी करणाऱ्यांना मिळणारी १,३६८, सीपीपी आणि ईआयची (बेरोजगारी विम्याची) वर्गणी, हे सगळं वजा जाऊन फेडरल टॅक्स उरत होता ९०३ डॉलर. ओंटारिओचा वेगळा टॅक्स असतो, तो पण ५१५ च्या आसपास निघत होता, पण कमी पगारवाल्यांसाठी लिफ्ट नावाचं ओंटारिओचं क्रेडिट आहे, ८७५ पर्यंतचं, नॉन-रिफंडेबल, त्याने ५१५ पुसले आणि बाकीचे ३६० हवेत. परत तेच, साडेबारा हजारातले सहा. ओंटारिओचा हेल्थ प्रीमियम मात्र वेगळा, २२८ डॉलर, तो लिफ्टने पुसला जात नाही.

मग फी टाकायला लागलो. एकदम नाही टाकली, मुद्दाम थोडी थोडी टाकून बघितली. १,००० टाकले, आकडा १५० ने वर. ५,००० टाकले, आणखी वर, १,३०० च्या पुढे. ६,००० ला १,४५७. मग १०,००० टाकले तर १,४६०. मग खरी टाकली, मागची ८,२०० आणि त्या वर्षाची १६,४००, एकूण २४,६००, तरी १,४६०. गंमत म्हणून ५०,००० टाकून बघितले, आकडा हलायला तयार नाही. (लगेच पुसले, घाबरू नका.) हेल्थ प्रीमियमचे २२८ सोडून जेवढं कापलं होतं तेवढं सगळं परत आलं, त्याच्या पलीकडे नाही म्हणजे नाही. वर्षभर जी गोष्ट मला समजावून सांगायला लागली ती त्या कोपऱ्यातल्या आकड्याने दहा मिनिटांत दाखवली. ६,०२१ डॉलरची फी त्या वर्षी खर्ची पडली, कारण ९०३ पुसायला तेवढीच पुरत होती, आणि १८,५७९ वहीत राहिली.

एक नियम इथं कळला जो मला आधी कुणी सांगितला नव्हता, फी राखून ठेवता येत नाही. मला वाटलेलं की आत्ता नको वापरायला, मोठा पगार झाला की वापरू, पण तसं चालत नाही, फेडरल टॅक्स शून्य होईपर्यंत ती आधी लागणारच. आणि ओंटारिओने स्वतःचं फीचं क्रेडिट २०१७ मध्येच बंद केलंय, त्यामुळे प्रांताच्या टॅक्सला ती लागत नाही. चालू वर्षाच्या फीतली ५,००० पर्यंत नवरा-बायको, आईवडील किंवा आजी-आजोबांच्या नावावर देता येते, ते वाचून मी क्षणभर खूश झालो, मग आठवलं की बाबा टॅक्स भरतात तो नाशिकला.

पुढच्या पानावर सॉफ्टवेअरने विचारलं, तुम्ही वर्षात १३ आठवड्यांपेक्षा जास्त काळ फुलटाइम विद्यार्थी होतात का. हा प्रश्न कॅनडा वर्कर्स बेनिफिटचा, कमी पगारावर काम करणाऱ्यांसाठीचं रिफंडेबल क्रेडिट. मी चुकून की मुद्दाम आठवत नाही, "नाही" दाबलं, आणि जो आकडा ५०,००० च्या फीने हलला नव्हता तो एका क्लिकमध्ये १,४६० वरून २,९७८ झाला. वरचे १,५१८ डॉलर. टॅक्स शून्य असून, कापलेला टॅक्स परत मिळत असून, त्याच्या वर! रिफंडेबल कशाला म्हणतात ते तेव्हा पोटात कळलं. मागून जालंधरवाला बघत होता, म्हणाला रहने दे, कौन देखता है. पण मी वर्षभर फुलटाइम विद्यार्थी होतो, टी२२०२ वर महिन्यांची यादीच छापलेली असते, आणि ती सीआरएकडे असते. "हो" केलं. आकडा परत १,४६०. खरं सांगू का, दोन मिनिटं ते २,९७८ बघून फार बरं वाटलं होतं, तेवढ्यात मी मनातल्या मनात बाबांना पैसे पाठवून पण झालो होतो.

पैसे एप्रिलच्या सुरुवातीला खात्यात आले. हजार डॉलर नाशिकला पाठवले. बाबा म्हणाले, "आली का फी परत?" मी म्हटलं नाही बाबा, हे माझ्याच पगारातले आहेत, कापलेले. ते म्हणाले, "मग कापतात कशाला?" यावर माझ्याकडे आजही धड उत्तर नाही.

२०२४ चं मी फार लांबवत नाही. एप्रिलमध्ये डिप्लोमा संपला, वर्क परमिट आलं, जूनपासून ऑफिसातली नोकरी, वर्षाची एकूण कमाई ३८,०००. शेवटच्या सेमिस्टरची ८,३०० फी वहीत वाढली आणि १८,१७८ वापरली गेली, फेडरल टॅक्स परत शून्य, रिफंड ४,००० ला थोडा कमी. माझ्या शेजारच्या डेस्कवरच्या मुलीचा पगार तेवढाच, तिला रिफंड आला तीनशे-साडेतीनशे, तिला वाटलं मी काहीतरी युक्ती केली. युक्ती काही नाही, ३३ हजार डॉलर फी भरून ती युक्ती विकत घेतलेली.

वहीत आता उरलेत ८,७०१ डॉलर. आणि यात एक बारीक मेख निघालीये. जुलै २०२५ पासून कॅनडाने सगळ्यात खालच्या टप्प्याचा दर १५ वरून १४ टक्के केला, म्हणजे पूर्ण वर्षाचा सरासरी साडेचौदा. ऑफिसात सगळे खूश, टॅक्स कमी झाला. कमी झालाच, मलाही फायदाच आहे. पण फीचं क्रेडिटही त्याच दराने मोजतात, त्यामुळे ८,७०१ ची किंमत २०२४ च्या रिटर्नला १,३०५ झाली असती ती २०२५ साठी १,२६२ धरायची. त्रेचाळीस-चव्वेचाळीस डॉलरचा फरक, जीव जाणार नाही, पण काकूंनी ताटाचा दर कमी केला की खाड्याचाही दर कमी होतो हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी एकटाच हसलो.

पगार वाढला तशी मामीची नोट पण लहान होत जाणार हे दिसतंच आहे, ती सगळी मागच्या वर्षाच्या कमाईवर ठरते. आणि आता लग्न झालंय. फेब्रुवारीत नाशिकला लग्न झालं, ती सप्टेंबरमध्ये इथं आली. लग्न झालं की पुढच्या महिन्याअखेरपर्यंत सीआरएला कळवायचं असतं, आणि जीएसटी क्रेडिट मग दोघांची कमाई एकत्र धरून मोजतात. काल रात्री जेवण झाल्यावर ओट्यावरच कागद पसरून तिचा आरसी१५१ भरत होतो, तिच्या पुण्यातल्या पगाराच्या स्लिपा एका बाजूला, डॉलरचा भाव मोबाईलवर. तिला नॉन-रिफंडेबल म्हणजे काय ते सांगायला मी मोठ्या उत्साहाने मेस, वही, खाडा सगळं सुरू केलं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये खाडा धरायचेच नाहीत रे."